चार नंबरची बाटली

"हात मागे! निंबा, आधी हात मागे घे!"

वत्सलाबाईंची पट्टी टेबलावर सपकन आपटली आणि ग्लासापर्यंत पोचलेला निंबाचा हात मुकाट खिशात गेला. टेबलावर काचेचे तीन ग्लास होते. पहिल्यातलं पाणी गढूळ. दुसऱ्यातलं स्वच्छ, पण त्याला दवाखान्यासारखा वास. आणि तिसऱ्यातलं इतकं नितळ, की त्यातून पलीकडे बसलेल्या ज्योतीच्या फ्रॉकवरची फुलं मोजता यावीत.

"यातलं कोणतं प्याल, एवढंच मी विचारलं," बाई म्हणाल्या. "प्या, असं म्हटलं नाही."

"तिसरं!" सगळा वर्ग ओरडला. सगळा वर्ग म्हणजे अकरा जण. सुरतेजवळच्या उधन्याच्या मराठी शाळेत मे महिन्यात शिबिर ठेवलं की एवढीच मुलं येतात. बाकीची आमरस खायला धुळे-नंदुरबारकडे पळालेली असतात.

"पहिलं तापीचं. दुसरं आपल्या नळाचं. आणि हे तिसरं..." बाईंनी ग्लास उजेडात धरला. "बादलीभर पाण्यात काल मी चमचाभर गटाराचं पाणी मिसळलं आणि फडक्यातून गाळून घेतलं."

निंबाने खिशातला हात काढून पँटला खसाखसा पुसला. पाण्याला त्याचं बोटही लागलं नव्हतं.

कुणी हसलं नाही. चौऱ्याण्णव साली प्लेगची साथ आली, तेव्हा अर्धं सुरत गाठोडी घेऊन स्टेशनावर उभं होतं आणि वत्सलाबाई शाळेच्या टाकीत उतरून ती घासत होत्या. तेव्हापासून पाण्याबद्दल त्या काही बोलल्या की हसायची पद्धत नव्हती.

बाईंनी एक छोटी थेंबाची बाटली दाखवली. "नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, क्लोरीन. हे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, तर औषध अजून शिल्लक आहे. पिवळं नाही झालं, तर पाण्याला राखणदार नाही." मग त्यांनी बोटभर उंचीच्या सहा बाटल्या मांडल्या. प्रत्येकीत औषध लावलेल्या कागदाची घडी होती. "आणि ही दुसरी परीक्षा. यात पाणी भरून एक दिवस ठेवायचं. पाण्यात संडासातले जंतू असतील तर बाटली काळी पडते. बाटलीला तोंड आहे, पण जीभ नाही. म्हणून ती खोटं बोलत नाही."

एरवी जागृतीने हे सगळं भराभर वहीत उतरवलं असतं. आज तिची पेन्सिल हलत नव्हती. तिचा सहा वर्षांचा भाऊ शुभम दोन दिवसांपासून दवाखान्यात होता, हाताला सलाईन. आणि रोज तिच्या मांडीला मांडी लावून बसणारी ज्योती आज तीन हात लांब बसली होती. त्यालाही कारण होतं. काल संध्याकाळी जागृतीच्या वडिलांनी ज्योतीच्या वडिलांच्या गाडीला साखळी घातली होती.

त्याचं असं झालं. गल्ली नंबर सातमध्ये आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, अकरा माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "बर्फाच्या गोळ्यानं झालं." एकाने म्हटलं की ते मत असतं, तिघांनी म्हटलं की गल्लीत तो पुरावा होतो. संध्याकाळपर्यंत तिघं झाले होते. जागृतीचे वडील सुकलाल, तिचे आप्पा, हे यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम. गल्लीचं भांडण, लग्न, मयत, सगळं त्यांच्याकडे यायचं. पोरगा सलाईनवर असलेल्या बापाला जास्त पुरावा लागत नाही. त्यांनी गोळ्याची गाडी विजेच्या खांबाला बांधली आणि सांगितलं, "रविवारी बैठक. तिथं ठरलं तर त्या आनंदानं गल्ली सोडायची."

ज्योतीचा बाप आनंदा सात वर्षं तिथे गोळा विकत होता. त्याचं गाव वर्ध्याकडचं. घरात बुद्धाचा फोटो, शेजारी बाबासाहेबांचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सात वर्षांत कुणी बोललं नव्हतं. काल मात्र चंद्रभागाबाई म्हणाल्या, "त्याच्या हातचं आपण घ्यायलाच नको होतं." 'हातचं' म्हणताना त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला. ज्योती दारात उभी होती. तिने ते ऐकलं. जागृतीने तिला ऐकताना पाहिलं.

वर्ग सुटल्यावर ज्योती सरळ टेबलापाशी गेली.

"बाई, पहिली बाटली आमच्या बर्फाची भरा."

"अगं, आणि काळी पडली तर?" निंबाच्या तोंडून निघून गेलं.

"तर गाडी मी स्वतः ढकलत नेईन. पण बघितल्याशिवाय नाही!"

बाईंनी तिच्याकडे काही क्षण पाहिलं. मग चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. "ठीक. पाणी तुम्ही आणायचं, बाटल्यांत मी भरीन. बाटलीवर नाव नाही, नुसता आकडा. कुठला आकडा कुणाचा, हे माझ्या वहीत. म्हणजे बघणाऱ्याचा डोळा बेइमान होत नाही."

यादी झाली: गोळ्याचा बर्फ, गाडीवरच्या मडक्यातलं पाणी, गल्लीचा नळ, शाळेची टाकी आणि तुलनेसाठी बाईंच्या घरचं उकळलेलं पाणी.

"पाच झाले. एक बाटली उरते," निंबा म्हणाला.

"आमच्या पाणपोईचं आणते," जागृती म्हणाली. "म्हणजे सहा पूर्ण होतील."

ती हे सहज म्हणाली. पाणपोईवर तिचा एवढा विश्वास होता, की नापास होणार नाही अशा मुलाला परीक्षेला बसवावं तसं तिने तिचं नाव दिलं. आखाजीला खानदेशी घरांत गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. सुकलाल नुसती घागर भरून थांबत नसत. आखाजीपासून पाऊस पडेपर्यंत ते आपल्या वडिलांच्या, आबांच्या नावाने कारखान्याच्या फाटकापाशी रांजण मांडत. येणारा-जाणारा ओंजळभर पिऊन "वा!" म्हणायचा, आणि तो "वा!" आबांना पोचतो असं सुकलालना वाटायचं.

---

आनंदाच्या घरी तो दाराशीच बसला होता. रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. जागृतीला वाटलं, आता हे आपल्याला हाकलून देतील.

"शुभम कसा आहे, पोरी?" त्याने विचारलं.

"बरा आहे," ती पुटपुटली.

"घ्या बर्फ, घ्या. आपल्या बर्फाले आपणच भ्यावं काहून?"

गाडीच्या पेटीत पोत्याखाली साबणाच्या वडीएवढा तुकडा उरला होता. ज्योतीने हात धुतले, उकळलेल्या चमच्याने तो उचलला आणि स्वच्छ डबीत टाकला. तिचा हात स्थिर होता. आनंदाने मडकं वाकवून दुसरी डबी भरून दिली.

नळाचं पाणी घेऊन झालं. पाणपोईचंही. मग बाईंनी सांगितल्याप्रमाणे जागृती आजाऱ्यांना विचारत फिरली: आखाजीनंतर काय खाल्लं, काय प्यायलात? "गोळा," "गोळा आणि लिंबू सरबत," "गोळाच तो!" वही भरत होती. ज्योती आणि निंबा मागोमाग चालत होते.

शेवटची धुरपदाबाई. सत्तरीची म्हातारी, खाटेवर मुटकुळं करून पडलेली.

"आजी, गोळा खाल्ला होता का?" निंबाने विचारलं.

म्हातारीने डोळे उघडले, आ वासला आणि बोटाने आत दाखवलं. "हाई देख! एक तरी दात शे का? बर्फ खाईसन काय करसू, रे बाबा?"

"मग काय खाल्लं होतं?"

"काही नही. पाणी पिनू, हिन्हा बापना रांजणनं. भलतं गोड पाणी, वं माय." तिने जागृतीकडे बोट केलं.

तिघंही थांबली. गोळा न खाता आजारी पडलेली पहिली बाई! निंबा ओरडणारच होता. पण जागृतीचा चेहरा पाहून त्याने तोंड मिटलं. जागृतीने म्हातारीचं उत्तर वहीत लिहिलं आणि नकळत त्यावर तळहात ठेवला. मग पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली, या वेळी एकच प्रश्न घेऊन: "रांजणाचं पाणी प्यायला होतात का?"

अकराच्या अकरा म्हणाले, हो.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी कपाट उघडलं. सहा बाटल्या एका रांगेत उभ्या होत्या. पाच जशाच्या तशा. चार नंबरची बाटली डांबरासारखी काळी!

बाईंनी वही उघडली. "एक, शाळेची टाकी. दोन, बर्फ." ज्योतीने श्वास सोडला. "तीन, मडकं. चार..." बाई थांबल्या. त्या कधी थांबत नसत.

"पाणपोई," जागृती म्हणाली.

बाईंनी मान हलवली.

ज्योतीला आनंद व्हायला हवा होता. तिच्या बाबांचा बर्फ निर्दोष निघाला होता! पण ती उठली, तीन हातांचं अंतर ओलांडलं आणि जागृतीच्या मांडीला मांडी लावून बसली.

मग बाईंनी रांजणाच्या पाण्यात थेंब टाकले. पिवळं झालं नाही.

"उघड्यावर दिवसभर राहिलं तर औषध उडूनही जातं," बाई म्हणाल्या. "एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. हे पाणी येतं कुठून?"

"नळाचंच असेल," जागृती म्हणाली. पण ते 'असेल' तिला स्वतःलाच टोचलं. "आप्पांशी मीच बोलते, बाई. तुम्ही नका."

"बोल. पण तोवर लोक ते पाणी पीत राहतील, त्याचं काय?"

ही अडचण निंबाने सोडवली. कशी, ते त्याने बाईंना सांगितलं नाही. तो पळत पाणपोईवर गेला, रांजणात डोकावला आणि गल्लीला ऐकू जाईल असा किंचाळला, "पाल! रांजणात पाल पडली! बाप रे, केवढी!"

पाच मिनिटांत रांजण उपडा झाला. काळ्या बाटलीवर कुणी विश्वास ठेवला असता की नाही, सांगता येत नाही. पालीवर मात्र सगळ्यांनी ठेवला. तिला पाहिलं कुणीच नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत ती वीतभर लांब झाली होती.

---

शुक्रवारी पहाट फुटता फुटता सुकलाल पितळी घागर घेऊन निघाले. जागृती मागोमाग गेली. ते नळाकडे वळले नाहीत. कारखान्याच्या भिंतीला लागून एक जुना हापसा होता. नळ आल्यापासून त्याच्यावर कुणी कपडेसुद्धा धूत नव्हतं. सुकलालनी चपला लांब काढल्या, हात जोडले आणि मग हापसायला लागले.

"आप्पा, नळाला पाणी आलंय ना?"

ते दचकले. "तू उठनी का?" मग दांडा न सोडता म्हणाले, "नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, बेटा. आबांनी जन्मभर विहिरीचं पाणी पिलं. शेवटी दवाखान्यात होते, तर औषधाच्या वासानं पेला लोटून द्यायचे. सुरतला मीच आणलं त्यांना. आता वर्षातून एकदा त्यांना पाणी द्यायचं, ते पण औषधाचं देऊ?"

वडिलांची चूक सांगायला आलेल्या मुलीला वडिलांची माया आडवी येईल, हे बाईंच्या पुस्तकात नव्हतं. तरी तिने सांगितलं. काळी बाटली, न पिवळं झालेलं पाणी, धुरपदाबाईचे नसलेले दात, सगळं.

सुकलालनी घागर खाली ठेवली. बोलले, तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. "म्हणजे माझ्या बापाच्या पाण्यानं माझा पोरगा आजारी पडला? हे सांगायला आलीस?"

"आप्पा, बाटली..."

"बाटलीत काय टाकलं ते मी पाहिलं नाही! शाई टाकली असंल कुणी. पाणी बघ, आरशासारखं आहे. घाण असेल तर दाखव मला, डोळ्यानं दाखव!"

घागर खांद्यावर घेऊन ते निघून गेले. त्या सकाळी रांजणात दुसरी पाल पडली.

---

"डोळ्यानं दाखव म्हणाले?" ज्योतीने विचारलं. तिघं हापशाच्या ओट्यावर बसली होती. ओट्याला बोट जाईल एवढी भेग होती.

"घाण दिसतच नाही, तर दाखवणार कशी?" जागृती म्हणाली. "आणि परवा बैठक!"

निंबा भिंतीवर चढून पलीकडे बघत होता. "इथून पाणी भरतात? शी! अरे, इकडून बघा!"

भिंतीपलीकडे, हापशापासून जेमतेम सहा हातांवर, कारखान्याचा नवा संडास होता. गेल्या वर्षी कारखान्याचे मालक नरेंद्रशेठनी बांधलेला. त्याचा शोषखड्डा बरोबर भिंतीला चिकटलेला. भिंतीच्या या बाजूच्या माणसाला संडास दिसत नव्हता आणि त्या बाजूच्याला हापसा. मध्ये एक भिंत घातली की दोन्हीकडे सगळं ठीक असतं, असा नरेंद्रशेठचा हिशेब असावा. जमिनीखाली भिंत नव्हती.

"तिकडचं पाणी इकडे येतं, हे दिसलं पाहिजे," जागृती हळूहळू म्हणाली. "पाण्याला रंग असता तर..."

ज्योती ताडकन उठली. "रंग आमच्याकडे आहे!"

ती घरी जाऊन दोन पुड्या घेऊन आली: गोळ्याच्या गुलाबी सरबतात घालायचा खाण्याचा रंग. एका चिमटीत बादली रंगायची. "बाबांच्या शेवटच्या दोन आहेत. म्हणाले, गाडीच सुटली नाही तर रंग ठेवून काय करू."

बाईंना विचारलं. बाईंनी पुडीवरचं बारीक अक्षर दोनदा वाचलं. "खाण्याचाच आहे. चालेल. पण रविवारपर्यंत त्या हापशाचा थेंब कुणाच्या पोटात जाता कामा नये."

"त्याची काळजी नको, बाई," निंबा म्हणाला. "आमच्याकडे पाली आहेत."

बाईंनी 'कसल्या पाली' असं विचारलं नाही. चांगल्या शिक्षकाला काय विचारू नये हे कळतं.

कारखान्यात जायला निंबाला अडचण नव्हती; तो रोज वडिलांचा डबा पोचवायचा. संडासात जायलाही नव्हती. पत्र्याच्या डबड्यात पाणी घ्यायचं आणि जायचं, सगळे तसेच जात. फक्त निंबाच्या डबड्यातलं पाणी गडद गुलाबी होतं आणि वर त्याने तळहात धरला होता. पहिलं डबडं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला फाटकावरचा रखवालदार, रमणकाका, खुर्चीतून वाकून बघू लागला.

"अल्या छोकरा, शुं थयुं? पेट बगड्युं?"

"हो, काका," निंबाने चेहरा पाडला.

"आखाजीनो गोळो खाधो हशे!"

"नाही, काका, पाणी प्यालो."

चौथ्या डबड्याला रमणकाकांनी त्याला चिमूटभर जिरं दिलं. शनिवारी पुन्हा चार फेऱ्या झाल्या, तेव्हा त्यांनी देवाचं नाव घेऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच दिवशी रांजणात तिसरी पाल पडली. गल्लीतली जाणती माणसं म्हणू लागली, की यंदा पालींना उन्हाळा फार झाला.

---

रविवारी सकाळी अख्खी गल्ली जमली. आनंदा एका कडेला उभा होता. त्याने धुतलेला सदरा घातला होता. त्याच्या मागे, घराच्या दारात, एक वळकटी बांधून ठेवलेली जागृतीला दिसली. ज्योतीची आई बैठकीच्या निकालाची वाट बघत बसली नव्हती.

सुकलाल बोलायला उठले, तोच जागृती पुढे आली.

"आप्पा, बैठक हापशापाशी घ्या."

"घरी जा, जागृती."

"तुम्ही म्हणालात, डोळ्यानं दाखव. मी दाखवते. पण हापसायचं तुम्ही. मी हात लावला तर कुणी म्हणेल शाई टाकली."

लोकांत कुजबुज झाली. वत्सलाबाई गर्दीतून म्हणाल्या, "हापसा, मुकादम. पाणी निर्दोष असेल तर दोन मिनिटांचा प्रश्न आहे." नरेंद्रशेठही आले होते. "अरे, हां हां, जल्दी करो," ते घड्याळाकडे बघत म्हणाले.

सुकलालनी चपला काढल्या. दांडा धरला. खालच्या पांढऱ्या बादलीत पाणी पडू लागलं. नितळ. आरशासारखं. दहा वेळा, वीस वेळा. ज्योतीने जागृतीचा हात इतका घट्ट धरला, की बोटं पांढरी पडली. तिसाव्या खेपेला चंद्रभागाबाई म्हणाल्या, "पोरींचे खेळ! चांगलं तर आहे पाणी." जागृतीने डोळे मिटून घेतले. आता वळकटी उचलली जाणार.

"जागे!" निंबा कुजबुजला. "बघ ना!"

बादलीतल्या पाण्याला लाज वाटावी तसा हलका रंग चढत होता. सुकलालचा हात मंदावला, पण थांबला नाही. पुढची धार गुलाबी आली. त्याच्या पुढची लग्नातल्या फेट्यासारखी गुलाबी!

"हा रंग कुठून आला?" कुणीतरी ओरडलं.

"शुक्रवारी आणि शनिवारी मी तो नरेंद्रशेठच्या संडासात ओतला," निंबाने सांगितलं. "आठ डबडी!"

मागून रमणकाकांचा आवाज आला, "अल्या! अने में तने जीरुं आप्युं!"

एरवी गल्ली लोटपोट हसली असती. आज कुणी हसलं नाही. संडासात ओतलेलं हापशातून येतं, याचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात आपापल्या वेगाने पोचत होता, आणि तो पोचला की माणूस मनातल्या मनात आखाजीपासून प्यायलेले पेले मोजायला लागत होता. चंद्रभागाबाईंनी पदर तोंडाला लावला. नरेंद्रशेठनी घड्याळ बघायचं सोडून दिलं.

सुकलाल ओट्यावर बसले. गुलाबी पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं.

"मी बापाच्या नावानं..." ते म्हणाले.

जागृती त्यांच्याजवळ गेली. "आप्पा, तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुला तर होतं ना," ते म्हणाले. "तू सांगितलंस. मी ऐकलं नाही."

ते उठले. अनवाणीच खांबापाशी गेले, किल्ली काढली आणि साखळी सोडली. ती खळकन जमिनीवर पडली, तो आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेला. मग ते आनंदासमोर उभे राहिले.

"पोराची सलाईन निघाली का?" आनंदाने विचारलं.

"काल निघाली." सुकलालनी मान वर केली. "आनंदा, एक गोळा दे."

"बर्फ कुठचा? चार दिवसांपासून पेटी कोरडी हाये."

"मग पाणी दे. तुझ्या घरचं, तुझ्या हातचं." 'हातचं' म्हणताना सुकलालनीही जास्त वेळ घेतला, चंद्रभागाबाईंना नीट ऐकू जाईल एवढा.

आनंदा आत गेला आणि पेला भरून घेऊन आला. गल्ली श्वास रोखून बघत होती. सुकलालनी दोन्ही हातांनी पेला घेतला, ओठांपर्यंत नेला...

"थांबा!"

वत्सलाबाई. हातात थेंबाची बाटली. माणसाचं मन पालटलं तरी बाई त्याच्या पेल्याला परीक्षेतून सूट देत नसत. त्यांनी थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं, थेंब टाकले, नळी उजेडात धरली. पाणी झेंडूसारखं पिवळं झालं.

"प्या आता," बाई म्हणाल्या.

सुकलालनी पेला एका दमात रिकामा केला. मग आनंदाच्या बायकोने दारातली वळकटी उचलली आणि आत नेली.

---

सोमवारी म्युनिसिपालिटीची माणसं आली. त्यांनी हापशाचा दांडा काढून नेला आणि शोषखड्डा बुजवून गटाराची जोडणी घेईपर्यंत नरेंद्रशेठचा संडास बंद केला. नरेंद्रशेठ म्हणाले की हे सगळं आपण करणारच होतो. मोठ्या साहेबांनी मुलांची वही चाळली आणि तिघांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आमच्या कामाला अशीच माणसं लागतात!" बाईंनीही वही पाहिली. "खाडाखोड नाही. छान," एवढंच म्हणाल्या. पण त्यांना ओळखणाऱ्यांना कळलं, की याहून मोठं बक्षीस त्यांच्या दप्तरात नव्हतं.

शुभम घरी आला आणि आल्या आल्या त्याने गुलाबी गोळा मागितला. तो एकटाच. बाकी गल्लीने त्या उन्हाळ्यात गुलाबी गोळा काही खाल्ला नाही. आनंदाला पाऊस पडेपर्यंत नारिंगीवरच भागवावं लागलं.

मंगळवारी सकाळी जागृती उठली तेव्हा सुकलाल नळावरून घागर भरून पाणपोईकडे चालले होते. रांजण उकळत्या पाण्याने घासून ठेवला होता. त्यांनी घागर ओतली, झाकण ठेवलं, आणि मग खिशातून थेंबाची बाटली आणि काचेची नळी काढून तिच्यासमोर धरली.

"तू टाक."

तिने नळीत थोडं पाणी घेतलं आणि थेंब टाकले. पिवळं.

सुकलालनी हात जोडले. "आबा," ते रांजणाला म्हणाले, "वास येईल थोडा. पण पी ल्या."

मग तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आणि त्या तीन पाली?"

जागृतीने मान खाली घातली. "एकही नव्हती, आप्पा."

"हं," सुकलाल म्हणाले. त्यांनी पहिला पेला भरला आणि खेळायला बोलवायला आलेल्या ज्योतीच्या हातात दिला.